आधी गुडघे, मग पाय: हिपहॉप शिकणाऱ्यांचे प्रश्न

मागच्या अंकात "हिपहॉप शिकायचंय, सुरुवात कुठून करू" असं कुणाला विचारायचं असेल तर लिहा म्हटलं होतं, तर एवढी पत्रं आणि मेसेज आले की संपादकांनी फोन करून विचारलं, ताई तुम्ही काही फुकट वाटताय का. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न होता, पंधरा दिवसांत येईल का? नाही येणार. झालं उत्तर. आता बाकीचे.

नमस्कार ताई, मी ३४ वर्षांची, नाशिकला बँकेत काउंटरला असते. डिसेंबरात नणंदेचं लग्न आहे आणि संगीतला आम्ही पाचजणींनी हिपहॉप करायचं ठरवलंय. व्हिडिओ बघून स्टेप्स पाठ केल्या, मोजून करते, एकही चुकत नाही, तरी नवरा म्हणतो पीटीचा तास चाललाय असं वाटतं. मोबाईलवर रेकॉर्ड करून बघितलं तर खरंच तसंच दिसतंय हो. काय चुकतंय?

तुमचा व्हिडिओ न बघता सांगते, तुमचे गुडघे सरळ आहेत. पैज लावायला तयार आहे. कारण आपल्याला शाळेपासून सांगितलंय छाती पुढे, पोट आत, ताठ उभं राहा, आणि नाच म्हटलं की आपण आपोआप तसेच उभे राहतो आणि मग हातपाय इकडेतिकडे फेकतो. हिपहॉपमध्ये नेमकं उलटं आहे. गुडघे सैल, वजन खाली, पाठ जराशी गोल, खांदे सोडलेले. एसटीत उभ्याने प्रवास केलाय ना? घाटात गाडी गचके खाते तेव्हा जो माणूस गुडघे ताठ धरून उभा असतो तो शेजारच्याच्या अंगावर पडतो आणि जो गुडघे सैल सोडतो तो एका हाताने शेंगदाणे खात उभा असतो. तुम्हाला तो शेंगदाणेवाला व्हायचंय.

याला बाउन्स म्हणतात आणि पहिला आठवडा फक्त हेच करा, एकही स्टेप नको, पाठ केलेलं सगळं बाजूला ठेवा. पाय खांद्याएवढ्या अंतरावर, आणि गाण्याचा ठोका पडला की गुडघे वाकवून खाली, दोन ठोक्यांच्या मधे वर. एकवर खाली, मधे वर, दोनवर खाली, मधे वर. हा डाउन बाउन्स. मग उलटा करा, ठोक्यावर वर आणि मधे खाली, तो अप बाउन्स. ऐकायला सोपं वाटतं पण दुसरा केलात की कळेल, अंग परत परत पहिल्यावरच घसरतं. दोन्ही न अडखळता यायला लागले की अर्धं काम झालं, आणि हे मी उगाच धीर द्यायला नाही म्हणत, हिपहॉपच्या बहुतेक सगळ्या बेसिक स्टेप्स या दोनपैकी एका बाउन्सवरच बसवलेल्या असतात. स्टेप म्हणजे वरची फोडणी, डाळ ही.

फार अनोळखी वाटून घेऊ नका. गणपतीत ढोलपथक बघा, कमरेला ढोल बांधलेल्या पोरापोरींचे गुडघे बघा, टिपरू पडतं तसं अंग खाली बसतं, त्यांना कुणी बाउन्स शिकवलेला नसतो. अंगाला ते माहीत आहे, फक्त "आता मी डान्स करतेय" म्हटलं की ते विसरतं.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. गाणं लावा, ९० ते १०० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला तेवढे ठोके, फोनवर मेट्रोनोमचं फुकट ॲप मिळतं त्यात मोजता येतं. आरतीला आपण प्रत्येक ठोक्यावर सारखी टाळी देतो. हिपहॉपमध्ये साधारण एक आणि तीनवर जाड धप्प असा आवाज असतो, तो किक, आणि दोन आणि चारवर कडक टाळीसारखा, तो स्नेअर. तुम्ही दोन आणि चारवर टाळी द्यायची सवय लावा. पोळ्या लाटताना गाणं लावा आणि फक्त दोन-चार, दोन-चार. माझ्याकडे एक मुलगी यायची, कथ्थक विशारद झालेली, ताल एवढा पक्का की मी तिच्यासमोर तोंड उघडायला घाबरायचे, पण तिला सैल उभं राहायला चार महिने लागले आणि तिच्याबरोबर आलेली तिची आत्या, जिने जन्मात कधी क्लास केला नव्हता, ती तीन आठवड्यांत मस्त बाउन्स करायला लागली. म्हणजे आधी काही न शिकलेलं असणं इथे वाईट नसतं.

दुसऱ्या आठवड्यात बाउन्स चालू ठेवून छाती जोडा. एकवर छाती मागे, म्हणजे कुणी पोटात हलकेच ढकललंय असं, दोनवर पुढे. याला रॉक म्हणतात. खांदे उडवू नका, छातीच जाऊ दे. मग टू-स्टेप: उजवा पाय बाजूला, डावा त्याच्याजवळ, डावा बाजूला, उजवा त्याच्याजवळ. एवढंच. खाली बाउन्स चालू, वर रॉक चालू, पाय दोन्हीकडे. हे तीन एकत्र आले की तुमच्या नवऱ्याला परत बोलवा आणि दाखवा.

आणि संगीतसाठी एक चोरटा सल्ला देते. पाचजणींनी वीस स्टेप्स करण्यापेक्षा सहा करा आणि मधे मधे सगळ्यांनी नुसता बाउन्स ठेवा. बघणाऱ्याला तो बाउन्सच "अरे यांना येतंय" असा दिसतो.

दीदी मी लातूरचा, अकरावीला आहे. रनिंग मॅन शिकतोय पण मी जागेवर राहतच नाही, पुढे पुढे जातो आणि शेवटी कपाटाला धडकतो. घरचे वैतागलेत. शिवाय व्हिडिओतला माणूस उजवा म्हणतो तेव्हा माझा डावा होतो.

कपाट सरकवून ठेव आधी.

रनिंग मॅनमध्ये सगळ्यांची एकच गफलत होते, नावात रनिंग आहे म्हणून पोरं पळतात. खरं तर ही मागे घसरायची स्टेप आहे. नीट वाच आणि वाचता वाचता हळू करून बघ. उजवा गुडघा वर उचललेला आहे, डाव्यावर उभा आहेस. आता "एक"ला उजवा पाय खाली पुढे टेकव आणि त्याच क्षणी डावा सरळ मागे सरकव, म्हणजे एक पाय पुढे एक मागे अशी कैची झाली आणि तू आहेस तिथेच आहेस. मग एक आणि दोनच्या मधल्या "आणि"ला डावा गुडघा वर घे आणि पुढचा उजवा पाय मागे मधोमध ओढून आण. "दोन"ला डावा खाली, उजवा मागे. तू धडकतोस कारण "आणि"ला जो पाय मागे ओढायचा तो तू ओढतच नाहीयेस, तिथेच ठेवून दुसरा उचलतोयस, म्हणजे प्रत्येक काउंटला एक पाऊल चाललास. जमिनीवर कागदी टेप चिकटव, तुझं डोकं त्या रेषेच्या वर राहिलं पाहिजे. आधी गाणं न लावता, तोंडाने मोजत, अगदी म्हाताऱ्यासारखं हळू. हात शेवटी.

उजवा-डाव्याचं सोपं आहे, व्हिडिओच्या खाली सेटिंगमध्ये मिरर असेल तर तो लाव, नाहीतर पाठमोरा शिकवणारा माणूस शोध. आणि ०.५ स्पीडवर बघायला लाजू नको, मी अजूनही बघते.

एकदा हे आलं की रॉजर रॅबिट कर, त्यात पाय पुढे जायच्या ऐवजी मागे आडवा जातो, उडी मारल्यासारखा. ही नावं ऐकून हसू येतं ना? ऐंशी-नव्वदच्या दशकात अमेरिकेत पार्ट्यांमध्ये पोरं नाचायची, कुणीतरी काहीतरी नवीन करायचं आणि त्याला जे समोर असेल ते नाव पडायचं, बूट, कार्टून, टीव्हीवरचा नट. बार्ट सिम्पसन नावाची स्टेप आहे, रीबॉक नावाची आहे, स्मर्फ आहे, कॅबेज पॅच आहे. यांना पार्टी डान्सेस म्हणतात आणि नवशिक्यासाठी यांच्याइतकं चांगलं काही नाही, कारण या साध्या माणसांनी साध्या जागेत नाचायला केल्या होत्या, स्टेजसाठी नाही.

मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका क्लासला हिपहॉप म्हणून तीन महिन्यांची फी एकदम भरली, ८००० रुपये. पहिल्या दिवसापासून एका हिंदी गाण्यावर कोरिओग्राफी, शेवटी तिची रील. परत पुढच्या महिन्यात नवीन गाणं. कुणी विचारलं बेसिक कधी तर सर म्हणाले करता करता येतं. मला पॉपिंग, लॉकिंग, ब्रेकिंग आणि हिपहॉप यातला फरकही माहीत नाही. मी फसलो का?

फसलात असं नाही म्हणणार, गाणं बसवायला शिकलात, पण ज्यासाठी पैसे भरले ते मिळालं नाही हे खरं. करता करता येतं हे अर्धसत्य आहे. ज्यांना आधीच बाउन्स येतो त्यांना करता करता येतं, बाकीचे शेवटच्या रांगेत उभे राहून पुढच्याचे पाय बघत राहतात. पुढच्या वेळी क्लास लावताना फी विचारायच्या आधी विचारा, पहिल्या चार तासांत काय घेता? ग्रूव्ह म्हणजे ठोक्यावर अंग डोलवणं, बाउन्स, आयसोलेशन म्हणजे बाकी अंग स्थिर ठेवून एकच भाग हलवणं, असं काही ऐकू आलं तर ठीक. आणि एक ट्रायल तास करा, त्यात वॉर्म-अप दहा मिनिटांपेक्षा कमी असेल तर चपला घाला आणि घरी या.

आता फरक. जरा लांबेल, पण मला हे सांगायला आवडतं म्हणून सांगते. न्यूयॉर्कला ब्राँक्स नावाचा भाग आहे, सत्तरच्या दशकात पडझड झालेला, जळालेल्या इमारतींचा, गरीब. तिथे १५२० सेज्विक ॲव्हेन्यू या इमारतीच्या हॉलमध्ये ११ ऑगस्ट १९७३ ला एका बहीणभावाने पार्टी ठेवली. बहीण सिंडी कॅम्पबेल, तिला शाळा सुरू व्हायच्या आधी नवीन कपड्यांना पैसे हवे होते. भाऊ क्लाइव्ह, मूळ जमैकाचा, डीजे कूल हर्क म्हणून ओळखला जातो, तो गाणी लावणार. त्याच्या लक्षात आलं होतं की गाण्यात मधेच सगळी वाद्यं थांबून नुसता ड्रम वाजतो तेव्हाच पोरं वेडी होऊन नाचतात. तो तुकडा म्हणजे ब्रेक. पण असतो काही सेकंदांचाच. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर, म्हणजे तबकड्या वाजवायच्या यंत्रांवर ठेवल्या आणि एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा, मग परत पहिली, असा तो लांबवला. त्या ब्रेकवर नाचणारी पोरं ती ब्रेक बॉइज, बी-बॉइज, आणि बी-गर्ल्स. तो नाच म्हणजे ब्रेकिंग. टीव्हीवाल्यांनी त्याचा ब्रेकडान्स केला आणि आपण तेच धरून बसलो.

लॉकिंग आणि पॉपिंग ब्राँक्सचे नाहीतच, ते देशाच्या दुसऱ्या टोकाचे, कॅलिफोर्नियाचे, आणि संगीत फंक, म्हणजे ठेक्यावर जोर असलेलं अमेरिकन नाचाचं संगीत. लॉस एंजेलिसला डॉन कॅम्पबेल नावाचा मुलगा होता. गोष्ट अशी सांगतात की त्याला त्या वेळची फंकी चिकन नावाची स्टेप काही केल्या जमेना, करता करता हात मधेच अडकायचा, थांबायचा. लोक हसले. त्याने ते थांबणंच स्टेप करून टाकलं. हात फिरतो, फटकन लॉक होतो, परत सुटतो. ते लॉकिंग. तुम्ही शेवटच्या रांगेत चुकताय ना, हे लक्षात ठेवा. पॉपिंगचं नाव जोडलंय बूगलू सॅमशी, फ्रेस्नो गावचा, त्याने लॉकिंगवाल्यांना टीव्हीवर बघितलं होतं आणि १९७७ च्या सुमारास आपला ग्रुप काढला. पॉप म्हणजे स्नायू झटक्याने आवळायचा आणि सोडायचा, दंडाचा, मांडीचा, छातीचा, ठोक्यावर. करंट बसल्यासारखं दिसतं. घरी बसून करून बघा, दंडाला हात लावा आणि आवळा-सोडा, हाडाने हात हलवायचा नाही, स्नायूने.

आणि ज्याला क्लासच्या पाटीवर नुसतं हिपहॉप लिहिलेलं असतं तो बहुतेक वेळा वर त्या लातूरच्या मुलाला सांगितलेला पार्टी डान्सेसवाला उभ्याने करायचा नाच, त्यात मग बाकी सगळ्यातलं थोडं थोडं. माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने हाच करा, मग पॉपिंगकडे जायचं की ब्रेकिंगकडे हे तुमचं अंग सांगेल.

माझा मुलगा १३ वर्षांचा, आम्ही कोल्हापूरचे. टीव्हीवर बघून गच्चीवर गादी टाकून डोक्यावर फिरायचा प्रयत्न करतो, परवा मानेला लचक भरली. आईचं म्हणणं बंद कर. त्याचं म्हणणं हे ऑलिम्पिकमध्ये आहे. कुणाचं ऐकू?

दोघांचं अर्धं अर्धं. ऑलिम्पिकमध्ये होतं, २०२४ ला पॅरिसला. मुलींत जपानची अमी आणि मुलांत कॅनडाचा फिल विझार्ड सुवर्ण घेऊन गेले. २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या यादीत मात्र नाही, ज्या देशात जन्मलं तिथेच नाही, हे मला अजून पचलेलं नाही, पण तो वेगळा विषय. आपल्याकडेही जोगेश्वरीचा आरिफ चौधरी, बी-बॉय फ्लाइंग मशीन, जगातल्या मोठ्या स्टेजवर जाऊन आलाय. आणि वसई-नालासोपाऱ्याकडचे किंग्ज, सुरेश मुकुंदचा ग्रुप, २०१५ ला सॅन डिएगोच्या वर्ल्ड हिपहॉप डान्स चॅम्पियनशिपमध्ये ब्राँझ आणि २०१९ ला अमेरिकेतला वर्ल्ड ऑफ डान्स शो जिंकून आले. तुमच्या मुलाने बहुधा हेच बघितलं असणार. पण त्या उड्यांमागे वर्षांची मेहनत असते आणि खाली झेलायला माणसं उभी असतात, गच्चीवरच्या गादीवर ते होत नाही. उलट गादी वाईटच, मऊ असते, हात आणि मान आत रुतून वाकडी होते.

हेडस्पिन आत्ता पूर्ण बंद. त्याला हेही सांगा की डेन्मार्कमधल्या एका ब्रेकरने १९ वर्षं डोक्यावर फिरून फिरून टाळूवर गाठ आणली, केस गेले, ती ऑपरेशन करून काढावी लागली. तेरा वर्षांच्या मुलाला मानेपेक्षा केसांची भीती जास्त वाटते, अनुभव आहे.

पण ब्रेकिंग बंद नका करू. चार भाग असतात त्यात: उभ्याने करायचं टॉपरॉक, खाली हात टेकून करायचं फुटवर्क, थिजून राहायचं ते फ्रीझ आणि गरागरा फिरायच्या पॉवर मूव्ह्ज. पोरं चौथ्यापासून सुरुवात करतात, ही सगळी भानगड. त्याला पहिला महिना टॉपरॉक करायला लावा. एक पाय पुढे आडवा टाकायचा आणि हात उघडायचे, परत मधे येताना हात छातीशी गोळा करायचे, मग दुसरा पाय. याला इंडियन स्टेप म्हणतात, नाव ऐकून खूश होऊ नका, आपण शोधलेली नाही. मग सिक्स-स्टेप, हात जमिनीवर ठेवून सहा पावलांत पायांनी स्वतःभोवती गोल घालायचा. सुरुवातीला खेकड्यासारखं दिसतं. मग बेबी फ्रीझ, त्यात कोपर पोटाच्या बाजूला खुपसायचं आणि वजन हातावर, डोकं नुसतं टेकलेलं, त्यावर भार नाही.

रोज आधी मनगटं फिरवायची, दोन्हीकडून, दोन मिनिटं तरी. फरशी गुळगुळीत आणि कोरडी हवी. ब्राँक्सची पोरं फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडून त्यावर नाचायची, तुम्हीही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून मागून आणा, दहापैकी आठ दुकानदार असाच देतात. आणि मानेची लचक आठवड्यात गेली नाही किंवा हातात मुंग्या येत असतील तर माझा सल्ला सोडा, डॉक्टरकडे जा.

ताई, बूट कुठले घेऊ? बजेट २०००. घरी टाइल्स आहेत आणि खालच्या मजल्यावरचे काका तक्रार करतात.

सपाट तळव्याचे कुठलेही कॅनव्हासचे घ्या, बजेटात बसतात. पळायचे जाड फोमचे नको, त्यात पाय बाजूला मुडपतो. मोजे घालून टाइल्सवर कधीच नाही. योगा मॅटपण नको, पाय चिकटतो आणि गुडघा वळतो तो वेगळाच. काकांना सांगा बाउन्समध्ये टाच आपटत नाही, आपटत असेल तर काकांचं बरोबर आहे आणि तुमचं चुकतंय. खरंच, तक्रार येणं थांबली की समजा यायला लागलं.

मी सांगलीची, ५७ वय. नातीबरोबर हॉलमध्ये करावंसं वाटतं, ती हसते पण शिकवते. गुडघे अधूनमधून दुखतात. जमेल का? आणि साडीत चालेल का, मला ड्रेसची सवय नाही.

जमेल. बाउन्स अगदी लहान ठेवा, चार बोटं खाली जाल एवढाच, आणि गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकवा, आत नको. उड्या नको. टू-स्टेप, रॉक, खांदे, छाती, हात, यात तासभर मजा येईल एवढं आहे. दुखणं नाचताना वाढलं तर तिथेच थांबायचं आणि गुडघ्यावर सूज असेल तर आधी दाखवून घ्या. नातीला सांगा आजी शिकेल पण मोजून नाही शिकवायचं, तोंडाने वाजवून शिकव, धप-टॅक-धप-टॅक, लवकर कळतं.

साडीत चालेल. फक्त निऱ्या वर खोचून घ्या, टू-स्टेपला पाय जवळ आणताना काठ टाचेखाली येतो. माझ्या आईचा आला होता, तिने टीपॉय धरला म्हणून बरं, टीपॉयवरचा चहा मात्र गेला.